मेथोट्रेक्सेट चालू असताना जिवंत विषाणूची लस : आमचे चार महिने, आणि तुमचे अनुभव हवेत

शेवंती | ४ मे, रात्री १०:४०

जानेवारीपासून लिहीन लिहीन म्हणतेय. आता सगळं थोडं स्थिरावलंय म्हणून बसले आहे. लांबेल, पण कुणाच्या तरी घरी हीच वेळ आली असेल तर उपयोग होईल.

लेक आठ वर्षांची. सहाव्या वर्षी दोन्ही गुडघे आणि मनगटं सुजायला लागली. सकाळी उठल्यावर पाऊण तास पाय टाकता यायचा नाही, जिना बसून उतरायची. 'वाढीचं दुखणं आहे' यात पाच महिने गेले. मग मुलांचा संधिवात असं निदान झालं. प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते तो. तेव्हापासून दर रविवारी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या मेथोट्रेक्सेटची सुई, १० मिलिग्रॅम, आणि सोमवारी फॉलिक ॲसिड. औषध लागू पडलं. वर्षभरात ती लंगडी खेळायला लागली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या बाकावरच्या मैत्रिणीला कांजिण्या उठल्या. वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा आदल्या दिवशी दोघींनी एकाच डब्यात जेवण केलेलं. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच कांजिण्या पसरतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आईला फोन केला, तर ती म्हणाली, "येऊन जाऊ देत एकदाच्या, देवी आल्या की कडुनिंबाचा पाला टाकून निजवायचं." तिच्या जागी ती बरोबर होती, आम्ही चारही भावंडं त्यातूनच गेलो. पण प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेल्या मुलात हाच विषाणू फुप्फुसात, यकृतात उतरू शकतो. ते कळल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि मग लक्षात आलं की तिला कांजिण्यांची लस दिलेलीच नव्हती. सरकारी लसीकरणात ती नाही. खासगीत मिळते, पण तेव्हा 'नंतर बघू' म्हणून राहिली.

दोन दिवसांत तीन ठिकाणी विचारलं. पहिल्यांनी सांगितलं, "या औषधावर कुठलीच लस चालत नाही." याच कारणाने त्यांनी आदल्या वर्षी तिची फ्लूची लसही नाकारली होती, आणि मी ते निमूट मान्य केलं होतं. दुसरे म्हणाले, "आजच टोचू, काही होत नाही." तिसऱ्या आमच्या पुण्याच्या संधिवाताच्या मॅडम. त्यांनी आधी लसीकरणाचं कार्ड मागितलं. दोन वर्षांत ते कार्ड कुणी मागितलं नव्हतं.

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत. लसी ढोबळमानाने दोन जातींच्या. एका जातीत मेलेला जंतू किंवा त्याचा तुकडा असतो. तो वाढूच शकत नाही, त्यामुळे मेथोट्रेक्सेट असो, स्टेरॉइड असो, त्यापासून आजार होत नाही. फार तर लस थोडी कमी लागू पडेल. इंजेक्शनची फ्लूची लस, न्यूमोनियाची, धनुर्वाताची, कावीळ बी-ची, रेबीजची या त्या जातीतल्या. दुसऱ्या जातीत जंतू जिवंत असतो, फक्त क्षीण केलेला. तो शरीरात थोडा वाढतो आणि म्हणूनच लस काम करते. गोवर-रुबेला, गालगुंड, कांजिण्या, तोंडाचा पोलिओ, रोटाव्हायरस, पीतज्वर (यलो फीव्हर) या जिवंत. प्रश्न येतो तो इथेच : शरीराचे पहारेकरी गुंगीत असतील तर क्षीण विषाणूही जास्त वाढेल का?

"आणि त्याचं उत्तर सरसकट नसतं," असं त्या म्हणाल्या. कुठलं औषध, किती डोस, कुठली लस, पहिला डोस की दुसरा, आणि बाहेर आजाराची साथ किती, हे पाचही बघायचं.

आमचं असं झालं. मेथोट्रेक्सेट लगेच थांबवलं. संपर्कानंतर सातव्या दिवसापासून आठवडाभर कांजिण्यांच्या विषाणूवरचं ॲसायक्लोव्हिर दिलं. एकविसाव्या दिवसापर्यंत रोज रात्री टॉर्च घेऊन पाठ-पोट बघायचे. एकही फोड आला नाही. मग रक्ताची तपासणी केली, कांजिण्यांची प्रतिपिंडं (विषाणू ओळखून अडवणारी रक्तातली प्रथिनं) निगेटिव्ह. म्हणजे ती वाचली होती, पण उघडीच होती. मेथोट्रेक्सेट बंद होऊन चार आठवडे होत आले होते, तीच संधी साधून फेब्रुवारीत पहिला डोस दिला. त्यानंतर आणखी चार आठवडे औषध बंद.

या बंदची किंमत आम्ही मोजली. सहाव्या आठवड्यात उजवा गुडघा पुन्हा फुगला. नेप्रोसिन या वेदनाशामकावर काढलं. (ॲस्पिरिन मात्र या लसीनंतर सहा आठवडे मुलांना द्यायचं नाही, हे मॅडमनी चिठ्ठीवर लाल शाईने लिहून दिलं होतं.) मार्चमध्ये सुई परत सुरू झाली, एप्रिलमध्ये गुडघा ओसरला.

माझी सल एकच आहे. निदान झालं त्या दिवशी, सुई सुरू व्हायच्या आधी, कुणी "कार्ड बघू" म्हटलं असतं तर यातलं काही झालं नसतं. पाच महिने दुखण्याला नाव नव्हतं, त्या पाच महिन्यांत दोन्ही डोस बसले असते.

आता मेच्या मध्याला दुसरा डोस आहे. पुन्हा आठ आठवडे औषध थांबवायचं का, हा प्रश्न आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

---

गोधडी | ५ मे, सकाळी ७:१५

शेवंतीताई, वाचताना घशाशी आलं. लेकीला खूप आशीर्वाद.

माझे वडील ६२ वर्षांचे, आमवात. मेथोट्रेक्सेट पुरेसं पडत नाही म्हणून आता टोफासिटिनिब ही प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी गोळी सुरू करायचं ठरतंय. डॉक्टर म्हणाले, आधी नागिणीची लस घ्या. गावात काका म्हणतात, नागिणीचं इंजेक्शन घेऊन नागीणच उठते. ही जिवंत लस आहे का?

---

ओसरी | ५ मे, दुपारी २:०५

मी बालरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी. संधिवाताची मुलं आमच्याकडे कमी असतात, पण जी असतात त्यांची लस बहुतेक आमच्याच टेबलावर अडते. 'नको, उगाच जोखीम' म्हणून त्यांना परत पाठवणाऱ्यांत मीही होतो. त्यामुळे शेवंतीताईंचं वाचून स्वस्थ बसवेना.

आधी गोधडी यांचं. नागिणीची जुनी लस जिवंत होती. कांजिण्यांच्याच लसीतला विषाणू, पण कितीतरी पट जास्त मात्रेत. अमेरिकेत ती २००६ मध्ये आली आणि २०२० मध्ये बाजारातून गेली. आता भारतात मिळते ती शिंग्रिक्स, २०२३ पासून. तिच्यात विषाणू नाहीच, त्याचं एक प्रथिन आहे. तिच्यामुळे नागीण उठू शकत नाही. दोन डोस असतात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना दुसरा डोस एक-दोन महिन्यांतही देता येतो. लस महाग आहे आणि दंड एक-दोन दिवस चांगलाच दुखतो. पण टोफासिटिनिबच्या जातीच्या औषधांत नागिणीचं प्रमाण स्पष्टपणे वाढतं, तेव्हा वडिलांना जरूर द्या.

काकांची भीती मात्र अगदी हवेतली नाही. अमेरिकेत ११२ आमवाताच्या रुग्णांना ती जुनी जिवंत लस देऊन दोन-तीन आठवड्यांनी टोफासिटिनिब किंवा तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी सुरू केली. एका रुग्णाच्या अंगभर लसीतल्याच विषाणूचं पुरळ उठलं. नंतर लक्षात आलं की त्या माणसाला आयुष्यात कांजिण्यांची प्रतिकारशक्तीच नव्हती. त्याच्यासाठी ती पहिलीच भेट होती. उपचाराने तो बरा झाला. उलट, टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रथिन रोखणारी औषधं घेणाऱ्या पन्नाशीपुढच्या ६१७ जणांच्या चाचणीत सहा आठवड्यांत एकालाही लसीच्या विषाणूची पक्की लागण दिसली नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर 'पहिला डोस की बूस्टर' हा प्रश्न इतका का महत्त्वाचा, ते कळतं. शरीराने विषाणू आधी ओळखलेला असेल तर औषधाच्या गुंगीतही ते ओळखतं.

आता शेवंतीताईंचा प्रश्न. दोन मोठ्या संघटनांचा सूर इथे थोडा वेगळा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीचं २०२२ चं मार्गदर्शन सांगतं की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना जिवंत लस पुढे ढकला. द्यायचीच तर औषध आधी काही काळ आणि नंतर चार आठवडे थांबवा. मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन आधी चार आठवडे, टोफासिटिनिबसारखी गोळी एक आठवडा, बहुतेक बायोलॉजिक इंजेक्शनं (प्रतिकारशक्तीचा एखादाच दुवा रोखणारी, जिवंत पेशींत बनवलेली औषधं) त्यांच्या दोन डोसांमधल्या अंतराएवढी, रिटक्सिमॅब सहा महिने. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर आठ ते अकरा महिने, कारण त्यातली तयार प्रतिपिंडं लसीच्या विषाणूला वाढूच देत नाहीत. युरोपातली बालसंधिवाताची मंडळी मात्र कमी डोसच्या मेथोट्रेक्सेटवर असलेल्या मुलांना गोवर-गालगुंड-रुबेलाचा बूस्टर औषध न थांबवता देता येतो म्हणतात, आणि कांजिण्या न झालेल्या मुलांना ती लस देण्याचा गंभीरपणे विचार करा म्हणतात. कमी डोस म्हणजे साधारण वजनाच्या किलोमागे आठवड्याला ०.४ मिलिग्रॅमपर्यंत. तुमच्या लेकीचं वजन २५-२६ किलो असेल तर १० मिलिग्रॅम त्यात बसतात.

यामागे नुसती मतं नाहीत. नेदरलँड्समध्ये १३७ संधिवाताच्या मुलांची चाचणी झाली, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना बूस्टर दिला, निम्म्यांना नाही, आणि वर्षभर आजाराची तीव्रता मोजली. दोन्ही गटांत फरक पडला नाही. त्यात मेथोट्रेक्सेटवरची मुलंही होती.

तेव्हा मॅडमना मोकळेपणाने विचारा : पहिला डोस लागू पडलाय का, आणि पडला असेल तर दुसऱ्यासाठी गुडघा पणाला लावायचा का?

एक गोष्ट सर्वांसाठी. स्टेरॉइड आपल्या मनाने कधीही एकदम थांबवू नका, लसीसाठी तर नाहीच. महिनोन्महिने वायसोलोन (प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड) घेणाऱ्याच्या अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी, झोपलेल्या असतात. गोळी अचानक बंद केली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. मोठ्या माणसाला रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन दोन आठवडे वा त्याहून अधिक चालू असेल तर जिवंत लस टाळायची, आणि डॉक्टरांनी हळूहळू उतरवल्यावर महिनाभर थांबायचं. सांध्यात दिलेलं एखादं इंजेक्शन, दम्याचा पंप, त्वचेचं मलम यांनी लस अडत नाही. नुसतं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तरीही अडत नाही.

---

कडेपठार | ५ मे, रात्री ९:३०

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. माझ्या मावसबहिणीला लस घेतल्यावर तीन आठवड्यांनी ल्युपसचं (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उठण्याचा आणखी एक आजार) निदान झालं. तेव्हापासून आमच्या घरात लस म्हटलं की सगळे दोन पावलं मागे येतात. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच बिघडलेली आहे तिला आपण पुन्हा का डिवचायचं? ओसरींनी आकडे दिले, पण ते १३७ मुलांचे.

---

शेवंती | ५ मे, रात्री ११:२०

कडेपठार, राग कशाला. हाच प्रश्न मी मॅडमना रडत विचारला होता. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. ल्युपससारखा आजार निदानाच्या कितीतरी आधीपासून आत चालू असतो. रक्तातली प्रतिपिंडं काही जणांत वर्षानुवर्षं आधी सापडतात. तीन आठवड्यांपूर्वी जे काही घडलं, लस, ताप, उन्हातला प्रवास, त्याच्याशी आपलं मन गाठ मारतं. दुसरी म्हणजे, प्रतिकारशक्ती डिवचायला लसच लागते असं नाही. गोवर आणि कांजिण्या स्वतः येऊन लसीपेक्षा कितीतरी जोरात डिवचतात. माझ्यापुढची निवड लस की काहीच नाही अशी नव्हती. ती लसीतला विषाणू की वर्गातला विषाणू अशी होती.

तुमच्या बहिणीबद्दल मनापासून वाईट वाटलं. त्या आता कशा आहेत?

---

कडेपठार | ६ मे, सकाळी ८:०२

बरी आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि पाच मिलिग्रॅम स्टेरॉइड. वर्गातला विषाणू हे मी डोक्यात घेतलं नव्हतं. तिला फ्लूचं इंजेक्शन तरी चालेल का, विचारतो.

---

ओसरी | ६ मे, दुपारी १:४०

चालेल, दरवर्षी घ्यावं. फक्त इंजेक्शनचंच. फ्लूची नाकात मारायची लस जिवंत असते, ती नको. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या मोठ्यांनी फ्लूच्या इंजेक्शननंतर आजार आटोक्यात असेल तर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट लांबवलं तर लस जास्त चांगली लागते. ते मात्र डॉक्टरांना विचारून.

यावरून आठवलं. आपल्याकडे एकाच आजाराच्या जिवंत आणि मृत अशा दोन्ही लसी शेजारी-शेजारी मिळतात, आणि त्यात लोक फसतात. कावीळ ए-ची एक लस जिवंत, एकाच डोसची; दुसरी मृत, दोन डोसची. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची लस देतात, तिचंही तसंच, जिवंतही आहे आणि मृतही आहे. विषमज्वराचं इंजेक्शन जिवंत नाही, त्याच्या पूर्वी मिळणाऱ्या कॅप्सूल मात्र जिवंत होत्या. म्हणून केमिस्टकडे किंवा दवाखान्यात नुसतं 'कावीळची लस' म्हणू नका. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचायला सांगा.

---

नीरा काठ | ६ मे, रात्री १०:१५

हा धागा माझ्यासाठीच निघालाय असं वाटलं. मला कण्याचा संधिवात आहे. पहिल्या बाळंतपणात आठव्या महिन्यापर्यंत टीएनएफ रोखणारं बायोलॉजिक ॲडालिमुमॅब चालू ठेवावं लागलं, त्याशिवाय कुशीवर वळता येत नव्हतं.

औषध बाळासाठी तसं सुरक्षित, पण शेवटच्या तिमाहीत ते नाळेतून बाळाकडे जातं आणि जन्मानंतर काही महिने बाळाच्या रक्तात राहतं. आपल्याकडे बाळ जन्मलं की लगेच बीसीजी ही क्षयाची लस टोचतात, आणि बीसीजी जिवंत आहे. विषाणू नाही, जिवाणू, पण जिवंत. ब्रिटनमध्ये अशाच एका बाळाचा मृत्यू झाल्याची नोंद २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. आईला आतड्याच्या आजारासाठी त्याच जातीचं इन्फ्लिक्सिमॅब दिलेलं, बाळाला तिसऱ्या महिन्यात बीसीजी, आणि साडेचार महिन्यांचं असताना ते गेलं. माझ्या डॉक्टरांनी हे मला सातव्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं आणि लिहून दिलं होतं : सहा महिन्यांपर्यंत बीसीजी नको, तोंडाचा पोलिओ नको, रोटा नको.

बाळंतपण माहेरी, तालुक्याच्या दवाखान्यात. मध्यरात्री सिझेरियन. पहाटे सिस्टर ट्रेमध्ये बीसीजी भरून आल्या. मी अर्धवट गुंगीत. नवऱ्याने फाइलच्या पहिल्या पानावर लाल मार्करने लिहून चिकटवलं होतं, 'बाळाला बीसीजी आणि पोलिओचे थेंब देऊ नयेत – डॉक्टरांची चिठ्ठी आत'. सिस्टरनी ते वाचलं, ट्रे बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "बरं झालं लिहिलंत, आम्ही तर रोज पन्नास वेळा हेच करतो." त्या बाईंची मी आजही ऋणी आहे.

बाळाला सहाव्या आठवड्याच्या बाकीच्या सगळ्या मृत लसी वेळेवर दिल्या. पोलिओ इंजेक्शनचा दिला. बीसीजी सातव्या महिन्यात. आता लेक तीन वर्षांची आहे.

ज्या मुली बायोलॉजिक औषधांवर असताना आई होणार आहेत त्यांनी हे प्रसूतितज्ज्ञांना, बालरोगतज्ज्ञांना आणि लेबर रूममध्ये, तिन्ही ठिकाणी सांगा. एकाला सांगितलं की तो दुसऱ्याला सांगतो असं होत नाही.

---

ओसरी | ७ मे, दुपारी २:३०

नीरा काठ, तुमच्या यजमानांचा लाल मार्कर मी उद्यापासून आमच्या वॉर्डात वापरणार आहे. छोटी पुरवणी : टीएनएफ रोखणाऱ्या औषधांबाबत रोटाव्हायरसची लस वेळेवर द्यायला आता अमेरिकन मार्गदर्शन हरकत घेत नाही, कारण तिथे त्या लसीला वयाची मर्यादा आहे आणि सहा महिने थांबलं तर ती हुकतेच. रिटक्सिमॅब घेतलेल्या आईच्या बाळात मात्र तीही थांबवा म्हणतात. युरोपचा २०१९ चा सल्ला सगळ्याच जिवंत लसी थांबवण्याचा. आणि सर्टोलिझुमॅब नावाचं एक औषध नाळेतून जवळजवळ जातच नाही, म्हणून गरोदरपणात पुष्कळ तज्ज्ञ ते निवडतात.

---

वाटसरू_नैरोबी | ७ मे, रात्री ११:५०

इथे पीतज्वराबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी नैरोबीत नोकरीला. आई ६४ वर्षांची, डोंबिवलीत असते, आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड. नातवाच्या मुंजीला तिला यायचं होतं.

केनियात पीतज्वर असल्यामुळे तिथून भारतात परतताना पिवळं कार्ड, म्हणजे पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला, लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आणि पीतज्वराची लस जिवंत आहे, १९३० च्या दशकातल्या १७डी वाणाची. फार उपयोगी लस आहे, पण क्वचित तिचाच विषाणू यकृत-मूत्रपिंडांपर्यंत पोचतो, आणि हा धोका साठीपुढे वाढतो. आईच्या बाबतीत वयही होतं आणि औषधंही होती.

ट्रॅव्हल एजंट म्हणाला, "औषधांचं काही सांगू नका, टोचून घ्या, कार्ड मिळेल." मी त्याचं ऐकायच्या बेतात होतो, हे आज कबूल करतो. आईनेच ऐकलं नाही. ती म्हणाली, "टोचणाऱ्याला खरं सांगायचं नाही तर मग डॉक्टरकडे जायचंच कशाला?" लसीच्या केंद्रात तिने गोळ्यांची पाकिटंच टेबलावर मांडली. डॉक्टरांनी लस नाकारली आणि सूट कशी मिळते ते समजावलं. पिवळ्या कार्डातच वैद्यकीय कारणाने लस देता येत नाही असं लिहिण्याचं पान असतं. संधिवाताच्या डॉक्टरांचं पत्र जोडून, सही-शिक्क्यानिशी ते भरून घेतलं.

आई आली. आम्ही नैरोबी शहराबाहेर पडलो नाही. शहरात या आजाराचा धोका अगदी कमी धरतात. मसाई मारा तिच्यासाठी रद्द केलं, आणि पंधरा दिवस मच्छरदाणी, पूर्ण बाह्या, मलम. परतताना मुंबई विमानतळावरच्या आरोग्य कक्षात कार्ड आणि पत्र बघितलं, वीस मिनिटं बसवलं, सोडलं. दुसऱ्या विमानतळावर, दुसऱ्या देशात काय होईल त्याची हमी नाही, तेव्हा निघण्याआधी चौकशी करून ठेवा. आणि ज्यांना तरुणपणी, औषध सुरू व्हायच्या आधी ही लस मिळालीय त्यांनी ते कार्ड जपा. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं.

---

रानजाई | ८ मे, संध्याकाळी ६:१०

मी आशा सेविका आहे, मराठवाड्यात. शिकलेल्या लोकांत लिहायला संकोच वाटतो, पण एक विचारायचंय. २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली तेव्हा आम्हाला सांगितलेलं, आजारी मुलांची विचारपूस करून टोचा. आता पोलिओच्या रविवारी मी घरोघर जाते. एका घरी आजीला सांध्याच्या आजारासाठी सहा महिन्यांनी सलाईनमधून मोठं औषध देतात, रिटक्सिमॅब की काय. नातू वर्षाचा. थेंब नातवाला द्यायचे, मग आजीचा काय संबंध? त्यांची सून म्हणाली, डॉक्टरांनी थेंब नको सांगितलंय. मी वहीत 'नकार' लिहिलं. चुकलं का?

---

ओसरी | ८ मे, रात्री ९:००

रानजाईताई, तुमचा प्रश्न इथला सगळ्यात मोलाचा आहे. सून बरोबर होती. थेंबातला विषाणू जिवंत असतो आणि बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. आजी नातवाचे लंगोट बदलत असतील, तर तो त्यांच्यापर्यंत जाऊ शकतो. रिटक्सिमॅब प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशीच काढून टाकतं, म्हणून त्यांना तो झेपणार नाही. अशा घरातल्या मुलाला पोलिओ इंजेक्शनने द्यायचा. सरकारी लसीकरणातही ते इंजेक्शन आहे, ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने. नातवाचे ते तिन्ही झालेत का, एवढं कार्डावर बघा, आणि वहीत 'नकार'च्या जागी 'घरात प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती' असं लिहून वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा.

रोटाच्या लसीलाही हेच. लस दिल्यावर महिनाभर आजींनी लंगोट बदलू नयेत, बाकीच्यांनी हात साबणाने धुवावेत. बाकी गोवर-रुबेला, कांजिण्या या लसी घरातल्या निरोगी मुलांना जरूर द्यायच्या. त्यांनी आजीभोवती कुंपण तयार होतं. फक्त कांजिण्यांच्या लसीनंतर मुलाच्या अंगावर फोड आले तर ते वाळेपर्यंत आजींपासून लांब ठेवा. मुंबईत २०२२ च्या शेवटी गोवंडीकडे गोवर पसरला तेव्हा लस न घेतलेली लहान मुलं गेली. अशा वेळी औषधावरच्या माणसाचा सगळा भरवसा आजूबाजूच्यांवरच असतो.

---

रानजाई | ९ मे, सकाळी ६:४५

समजलं. आज त्यांच्याकडे जाऊन कार्ड बघते. आणि आता प्रत्येक घरी विचारीन, घरात कुणाला सांध्याची किंवा स्टेरॉइडची औषधं चालू आहेत का. आमच्या फॉर्मात तो रकाना नाही, मी वहीच्या मागच्या पानावर आखलाय.

---

गोधडी | १२ मे, दुपारी ४:२०

वडिलांनी काल नागिणीचा पहिला डोस घेतला. काकांना ओसरींचं लिहिलेलं वाचून दाखवलं. ते म्हणाले, आमच्या आजोबांच्या कमरेला नागीण उठली होती, तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस जातो म्हणून सगळं घर रात्रभर जागं होतं, गेरू लावत. आजोबा गेले नाहीत, पण त्या बाजूला पुढची दोन वर्षं त्यांना सदरा सहन झाला नाही. एवढं बोलून काका गप्प बसले, आणि मग विचारलं, मला पण मिळेल का ही लस. ते ५८ चे आहेत.

---

ओसरी | १२ मे, रात्री ८:५०

मिळेल. पन्नाशीपुढे आजार नसला तरी देतात.

---

शेवंती | १८ मे, रात्री ९:५५

तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद छापून मॅडमकडे नेले होते. त्यांनी शांतपणे वाचले. ओसरींच्या परिच्छेदाशी पेन्सिलने खूण केली.

रक्ताची तपासणी आधीच पाठवली होती. कांजिण्यांची प्रतिपिंडं पॉझिटिव्ह. मॅडम म्हणाल्या, निगेटिव्ह आली असती तरी लगेच निराश व्हायचं नव्हतं, साध्या तपासणीत लसीची प्रतिपिंडं कधीकधी सुटतात. पण पॉझिटिव्ह आलीत म्हणजे तिच्या शरीराने विषाणू ओळखलाय. डोस कमी आहे, दुसरं काही औषध नाही, आजार आटोक्यात आहे. "या वेळी सुई थांबवायची नाही," असं त्यांनी ठरवलं, आणि हा निर्णय या मुलीपुरता आहे, हेही दोनदा सांगितलं. स्टेरॉइड चालू असतं किंवा बायोलॉजिक असतं तर हे केलं नसतं.

काल दुसरा डोस दिला. पुढच्या सहा आठवड्यांत ताप किंवा फोड आले तर रात्री-अपरात्री फोन करायचा, यासाठी नंबर दिलाय. आज रविवार, नेहमीची सुईही झाली. दंडावर एकीकडे कालचा लाल ठिपका, मांडीवर आजचा.

कार्डाच्या मागच्या बाजूला मी तिची औषधं, डोस आणि सुरू केल्याच्या तारखा लिहून काढल्यात. गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस निदानाच्या आधीचे आहेत, त्यापुढे मॅडमनी बरोबरची खूण केली. गालगुंडाचं काय करायचं ते पुढच्या भेटीत.